वही की लॅपटॉप? लेक्चरच्या नोट्स काढायची रीत

आधी वेगाचा हिशेब करू. वर्गात शिकवणारा माणूस मिनिटाला साधारण १०० ते १५० शब्द बोलतो. हाताने लिहिणाऱ्याला मिनिटाला २०-२५ शब्द जमतात. म्हणजे सरांच्या सहा शब्दांपैकी एक वहीत उतरतो, बाकीचे पाच सोडावेच लागतात. हे अंतर लॅपटॉपने भरून निघेल असं वाटतं आणि इंग्रजीत थोडंफार निघतंही. मराठीत मात्र महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षाच ३० आणि ४० शब्दांची आहे. क्लास लावून सर्टिफिकेट घेतलेला माणूसही समोरचा छापील उतारा बघून एवढंच टाइप करतो. ऐकायचं, समजून घ्यायचं आणि टाइप करायचं, हे एकदम करताना तो वेगही टिकत नाही. थोडक्यात, मराठीतून नोट्स काढणाऱ्याला लॅपटॉप वेगासाठी घ्यायचं कारण जवळपास उरत नाही. दुसरी कारणं आहेत, ती पुढे येतील.

'हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं' असं सगळे ठोकून सांगतात. त्यामागे मुख्यतः २०१४ चा एक अमेरिकी अभ्यास आहे, पाम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांचा. लॅपटॉपवाले विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवत गेले आणि समज तपासणाऱ्या प्रश्नांत वहीवाल्यांपेक्षा मागे पडले. 'शब्दशः उतरवू नका' असं बजावूनही त्यांची सवय सुटली नाही. पुढे २०१९ मध्ये आणि २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला. लॅपटॉपवर जास्त शब्द उतरतात हे तेव्हाही दिसलं, पण गुणांतला फरक तसा ठामपणे दिसला नाही. तेव्हा 'पेन चांगलं, कीबोर्ड वाईट' असा सरळ निकाल लावता येत नाही. शब्दशः उतरवणं हा खरा रोग आहे आणि तो वहीतही होतो. डिक्टेशन घेणाऱ्या वर्गात तर सगळ्यांनाच होतो.

विषय बघून साधन ठरवा

गणित, अकाउंट्स, रसायनशास्त्रातल्या रचना, इलेक्ट्रॉनिक्सची सर्किट्स, जीवशास्त्राच्या आकृत्या हे सगळं वहीतच. वर्डमध्ये 'ऑल्ट' आणि 'बरोबर'चं चिन्ह एकत्र दाबलं की समीकरणाची चौकट उघडते, पण तिच्यात एक अपूर्णांक बसवेपर्यंत फळ्यावरच्या पुढच्या तीन पायऱ्या पुसल्या जातात. अकाउंट्समध्ये खातं दोन बाजूंना आखावं लागतं, तेही हातानेच झटपट होतं.

प्रोग्रॅमिंगचा कोड लॅपटॉपवर घ्या, कारण तो चालवून बघता येतो. कायद्याचे विषय, इतिहास, व्यवस्थापन, राज्यशास्त्र यांत मजकूर भरपूर असतो आणि नंतर शोधावा लागतो. इथे टायपिंगला अर्थ आहे, विशेषतः लेक्चर इंग्रजीत असेल तर.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिकच्या कॉलेजांत सेमिस्टरअखेरचा लेखी पेपर उत्तरपत्रिकेवर पेनानेच सोडवायचा असतो. सहा महिने फक्त टाइप केलं तर तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला बोटं आखडतात. त्यावरचा उपाय शेवटी दिला आहे.

टॅबलेट आणि स्टायलस असेल तर उत्तम. तो वहीच समजा, वहीचे सगळे नियम त्याला लागू.

वहीची आखणी

ए-फोर आकाराची लाँगबुक किंवा पंच केलेली सुटी पानं घ्या. सुटी पानं बरी, कारण चुकलेल्या लेक्चरचं पान मध्ये घालता येतं. पण फाइल न लावता नुसती पिशवीत ठेवलीत तर दिवाळीपर्यंत निम्मी गायब होतात. शिस्त नसेल तर बांधलेली वही घ्या आणि प्रत्येक विषयाची पहिली दोन पानं अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडा.

पानाच्या डावीकडे सुमारे ६ सेंटिमीटरवर उभी रेघ मारा, तळाशी ५ सेंटिमीटर सोडून आडवी. उजवीकडचा मोठा भाग लेक्चर चालू असतानाचा. डावा पट्टा आणि तळ वर्गात कोराच ठेवायचा, तो संध्याकाळी भरायचा. ही आखणी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी रूढ केली, म्हणून तिला कॉर्नेल पद्धत म्हणतात. बहुतेकांचं इथेच चुकतं: डावा पट्टा रिकामा दिसतो म्हणून लेक्चरमध्येच त्यात मजकूर कोंबतात आणि मग ते नुसतं अरुंद पान उरतं.

वर कोपऱ्यात तारीख, विषय आणि लेक्चरचा क्रमांक. पानाच्या एकाच बाजूला लिहा. कागद जास्त जातो हे खरं, पण समोरचं कोरं पान आकृती, राहिलेला मुद्दा, पुस्तकातला संदर्भ यांना कामी येतं.

पेन कोणतं? बॉलपेन दाबून लिहावं लागतं, जेल पेन हलक्या हाताने चालतं, म्हणून लांबलचक लेक्चरला जेल सोयीचं. पण जेलची शाई पाण्याची असते. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी, त्र्यंबककडून एसटीने येणाऱ्यांची पिशवी एकदा भिजली की अख्खं पान निळं होतं. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती पसरत नाही. पावसाळ्यात बॉलपेन आणि वहीला झिपची प्लास्टिक पिशवी. पाऊस सरला की हवं ते पेन.

देवनागरी झरझर लिहिताना

घाईत सगळेच शिरोरेघ सोडतात. सोडायला हरकत नाही, वेळ वाचतो. पण 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' या जोड्या डोक्यावरच्या रेघेवरूनच ओळखू येतात: भ आणि ध यांच्यावर रेघ तुटते, म आणि घ यांच्यावर सलग जाते. रेघच नसेल तर महिन्याभराने 'धन' आहे की 'घन', हे संदर्भ लावून काढावं लागतं. अर्थशास्त्राच्या वहीत ते जमेल, भौतिकशास्त्रात 'धन प्रभार' वाचताना पंचाईत होईल. उपाय सोपा आहे: भ आणि ध यांच्या डाव्या शेंड्याला ठळक गाठ द्या. एवढी सवय लागली की शिरोरेघ खुशाल विसरा. (मोडी लिहिणारे आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि तिच्याखाली न थांबता अक्षरं लटकवत. तुम्हीही वहीच्या छापील ओळीला अक्षर टेकवण्याऐवजी तिच्याखाली लटकवून बघा. रेघ आयती मिळते, गाठ मात्र द्यावीच लागते.)

संक्षेप ठरवून ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांची यादी लिहा. उदा., म्ह., वि. (विरुद्ध), अ. (अर्थव्यवस्था), वाढ-घटीला वर-खाली बाण, 'म्हणून'साठी तीन ठिपके, प्रश्न राहिला तर गोलात प्रश्नचिन्ह. पंधरा-वीस पुरेत. पन्नास केलेत तर आठवतच नाहीत. एकाच विषयात एका संक्षेपाचे दोन अर्थ होऊ देऊ नका. 'वि.' म्हणजे विरुद्ध, विभाग आणि विद्यार्थी असं तिन्ही झालं की वही उकलायला बसावं लागतं.

सर मराठी-इंग्रजी मिसळून शिकवत असतील तर संज्ञा पेपरात ज्या भाषेत लिहायची त्या भाषेत, अचूक स्पेलिंगसकट लिहा, समजावणी मराठीत. उलटं केलं की परीक्षेत अर्थ आठवतो आणि शब्द आठवत नाही.

काय लिहायचं, काय सोडायचं

एक नमुना घेऊ. अर्थशास्त्राच्या तासाला मागणीची लवचिकता चालू आहे. सर म्हणतात: "आता समजा आपल्याकडे कांदा २० रुपये किलो होता, तो ३० झाला. म्हणून घरात भाजीला कांदा घालायचा थांबतो का? थोडा कमी होतो. आधी बाजारात दिवसाला १०० किलो खपत होता, तर आता ९० खपतो. किंमत ५० टक्के वाढली, मागणी १० टक्केच घटली. दहा भागिले पन्नास, शून्य पॉइंट दोन. एकापेक्षा कमी. मग याला काय म्हणायचं? अलवचिक मागणी. का? कारण कांद्याला पर्याय नाही आणि महिन्याच्या खर्चात त्याचा वाटा लहान."

शब्दशः उतरवणारा 'आता समजा आपल्याकडे' इथून सुरुवात करतो आणि 'काय म्हणायचं'पाशी मागे पडतो. नेमका 'का?' त्याच्या हातून सुटतो. उजव्या रकान्यात एवढंच हवं:

लव. = मागणीतला % बदल ÷ किमतीतला % बदल
कांदा: किं. २०→३० (↑५०%), माग. १००→९० (↓१०%)
१०/५० = ०.२, <१ ∴ अलवचिक
का: पर्याय नाही + खर्चात वाटा लहान

चार ओळी, आणि आकडेमोड पुरती आहे. आकडे कधी गाळू नका. उदाहरणातला आकडा गेला की उदाहरण गेलं. व्याख्या शब्दशः घ्या, कारण ती तशीच विचारतात. बाकी सगळं आपल्या शब्दांत. सर एखादी गोष्ट दोनदा म्हणाले, फळ्यावर लिहिली किंवा 'हे विचारतात' असं बोलले की त्या ओळीपुढे चांदणी. आणि काही सुटलं तर शेजाऱ्याच्या वहीत डोकावू नका. तिथे दोन ओळी कोऱ्या सोडून पुढे चला. शेजाऱ्याकडून एक ओळ घेण्याच्या नादात पुढच्या तीन जातात.

डिक्टेशन असेल तर निमूट लिहून घ्या, पण प्रत्येक परिच्छेदानंतर त्याच्याखाली तीन-चार शब्दांचं स्वतःचं शीर्षक टाका. त्या तासात डोकं चालू ठेवायचा तोच एक मार्ग आहे.

पीपीटीवर शिकवत असतील आणि फाइल ग्रुपवर आधीच येत असेल तर ती पुन्हा उतरवण्यात शक्ती घालवू नका. प्रिंट काढताना 'हँडआउट्स' निवडून एका पानावर ३ स्लाइड घ्या. प्रत्येक स्लाइडशेजारी लिहायला ओळी आपोआप छापून येतात. सहा किंवा नऊची निवड केलीत तर त्या ओळी येत नाहीत. झेरॉक्सवाल्याला नेमकं 'तीनचं हँडआउट' सांगा, नाहीतर तो कागद वाचवायला नऊ बसवून देतो.

टाइप करायचं ठरवलंच तर

मराठी टाइप करणार असाल तर युनिकोडच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की अगम्य चिन्हं दिसतात आणि त्यात शोधही लागत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'खाली मराठी भाषा जोडा. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं.

कीबोर्ड दोन प्रकारचे. फोनेटिकमध्ये इंग्रजी स्पेलिंग टाइप करायचं आणि येणाऱ्या पर्यायांतून शब्द निवडायचा. शिकायला दहा मिनिटं पुरतात, पण प्रत्येक शब्दाला नजर पर्यायांकडे जाते आणि कान बंद होतात. लेक्चरसाठी तो टाळा. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला आणि बोलतो त्या क्रमाने कळा. 'विद्यार्थी'साठी व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दुसरी वेलांटी: दहा कळा, शिफ्ट फक्त 'थ'ला. जुन्या टाइपरायटरची सवय असलेला पहिली वेलांटी आधी मारतो, तो सुरुवातीला अडखळतो. रोज अर्धा तास सराव करा. कीबोर्डकडे न बघता बोटं चालायला लागेपर्यंत वर्गात वहीच वापरा. आणि 'र'ला जोड देताना सांभाळा. साधा र, हलन्त, य दिलं की 'र्य' होतं. 'ऱ्य' हवा असेल तर शिफ्ट धरून दुसरा र. नाहीतर आचाऱ्यांना जेवणाचं सांगायचं तिथे आचार्यांना सांगितलं जातं.

टायपिंगचा खरा फायदा शोधण्यात आहे. पण 'कंट्रोल एफ' शुद्धलेखन जाणतो, तुमची घाई जाणत नाही. नोट्समध्ये 'परिक्षा' लिहिलं असेल आणि शोधताना 'परीक्षा' लिहिलं तर काहीच सापडणार नाही. महत्त्वाच्या संज्ञांचं एक रूप पक्कं करा आणि प्रत्येक मुद्द्यावर 'कंट्रोल-ऑल्ट-१' देऊन शीर्षक ठेवा. वर्ड असो की गूगल डॉक्स, डावीकडे शीर्षकांची यादी तयार होते आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी मुद्दा सापडतो.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय. दिवस आधी ठेवलात तर १ जुलै आणि १ ऑगस्ट शेजारी येऊन बसतात. आकडे एकाच लिपीत लिहा. काही फाइलींत देवनागरी आणि काहींत इंग्रजी आकडे असले की दोन वेगळे गठ्ठे पडतात.

वर्गात शिरण्यापूर्वी वायफाय बंद, व्हॉट्सअॅप वेब बंद, स्क्रीनवर एकच खिडकी. हे फक्त तुमच्यासाठी नाही. २०१३ मध्ये कॅनडात झालेल्या एका प्रयोगात वर्गात लॅपटॉपवर इतर उद्योग करणाऱ्यांना कमी गुण पडलेच, पण ज्यांना त्यांची स्क्रीन दिसत होती त्या वहीवाल्यांनाही कमी पडले. लॅपटॉप घेऊन पहिल्या बाकावर मधोमध बसू नका. मागची किंवा भिंतीकडची जागा धरा. चार्जिंगचा पॉइंट मिळेल या भरवशावरही राहू नका, घरून पूर्ण चार्ज करून न्या. आणि आकृतीसाठी शेजारी एक कोरा कागद असू द्या: 'आकृती १' असं टाइप करा, कागदावर तोच क्रमांक घालून आकृती काढा, घरी फोटो जोडा.

फळ्याचा फोटो काढून वही मिटणं ही आळशांची तिसरी पद्धत. फोटो काढा, पण हाताने चार ओळी लिहिल्यावर. गॅलरीत लग्नाच्या फोटोंमध्ये हरवलेला फळा परीक्षेच्या आदल्या रात्रीच सापडतो. फोनवर गूगल ड्राइव्हच्या अॅपमधलं 'स्कॅन' वापरलं तर पानं सरळ होऊन पीडीएफ बनते आणि विषयाच्या फोल्डरमध्ये पडते. हाताने लिहिलेली पानंही आठवड्यातून एकदा अशीच स्कॅन करा. वही हरवली तरी अभ्यास वाचतो.

संध्याकाळची वीस मिनिटं

हा भाग सोडला तर वर केलेलं सगळं पाण्यात. हर्मन एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की शिकलेल्याची सगळ्यात जास्त गळती पहिल्या काही तासांत होते आणि मग ती मंदावते. म्हणून नोट्सला त्याच दिवशी पुन्हा हात लागला पाहिजे.

पहिली पाच मिनिटं कोऱ्या सोडलेल्या ओळी भरा. आता मित्राची वही मागायला हरकत नाही. पुढची दहा मिनिटं डावा पट्टा, त्यात फक्त प्रश्न लिहायचे. वरच्या नमुन्यासमोर 'लवचिकता' असं शीर्षक नको. 'कांदा महागला तरी खप फारसा का घटत नाही?' असा प्रश्न हवा. शीर्षक वाचून 'हो, माहीत आहे' असं वाटतं, प्रश्न मात्र उत्तर मागतो. उरलेल्या पाच मिनिटांत तळाच्या चौकटीत अख्ख्या पानाचं सार दोन वाक्यांत, पान न बघता. दोन वाक्यं सुचली नाहीत तर लेक्चर समजलेलं नाही. गोलातलं प्रश्नचिन्ह टाका आणि दुसऱ्या दिवशी सरांना गाठा.

टाइप केलेल्या नोट्सला हेच दोन रकान्यांचं टेबल घालून करता येतं. पण इथे हात बदलून बघा: दिवसा टाइप केलं असेल तर प्रश्न आणि सार कागदावर पेनाने लिहा. उतरवताना जे नुसतं बोटांतून गेलं, ते या वेळी डोक्यातून जातं.

फेअर वही करू नका. रफ वहीतलं सुंदर अक्षरात, तीन रंगांत पुन्हा उतरवण्यात रविवार जातो, अभ्यास केल्याचं समाधान मिळतं आणि आत काही शिरत नाही. तोच वेळ उजवा भाग झाकून डाव्या प्रश्नांची उत्तरं तोंडी देण्यात घाला. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा-पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत, आठवून लिहून पाहणारे पुढे गेले. पेपर आठवड्यांनीच असतो. नाशिकच्या कॉलेज रोडवरून सिन्नर किंवा ओझरकडे घरी जाताना सिटीलिंकच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली तर हे काम तिथे होतं. उभं राहावं लागलं तरी दोन पानं तळहाताने झाकून होतात.

वेळापत्रक असं ठेवा: त्याच दिवशी, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. जे प्रश्न दोनदा बरोबर आले त्यांच्यापुढे बारीक खूण करा आणि पुढच्या वेळी वगळा. उरलेल्यांवरच वेळ द्या.

टाइप करणाऱ्यांनी हाताची तयारी कधी करायची

पेपरच्या सहा आठवडे आधी. पहिल्या आठवड्यात रोज एक उत्तर, १५ मिनिटं, घड्याळ लावून. तिसऱ्या आठवड्यात सलग दोन उत्तरं. पाचव्यात आठवड्यातून एकदा मागच्या वर्षीचा पूर्ण पेपर, पूर्ण वेळ. बोटं दुखत असतील तर पेन किती घट्ट धरलंय ते बघा: पेनाच्या टोकाशी बोटांची नखं पांढरी पडत असतील तर पकड ढिली करा, पेन टोकापासून अडीच-तीन सेंटिमीटर वर धरा, आणि मनगटाऐवजी कोपरापासून हात सरकवा. कोपर टेकायला जागा नसलेल्या अरुंद बाकावर हे जमत नाही, म्हणून घरीही जेवणाच्या मोठ्या टेबलावर सराव न करता लहान पाटावर किंवा पॅडवर करा. आणि पेपरला जे पेन नेणार, सराव त्याच पेनाने. नवं पेन पेपरच्या दिवशी उघडायचं नाही.